सरकारी शाळेतील प्रार्थना: मूल्यशिक्षण की धर्मशिक्षण?

जबलपूर : केंद्रीय विद्यालयांच्या सकाळच्या परिपाठात म्हटली जाणारी प्रार्थना मूल्यशिक्षणाचा भाग मानावी की धार्मिक शिक्षणाचा, हा प्रश्न जबलपूरमधील एका वकिलाच्या याचिकेमुळे सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकार व केंद्रीय विद्यालय संघटनेला नोटीस बजावली. त्यानंतर २८ जानेवारी २०१९ रोजी दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने, या प्रश्नाचा विचार घटनापीठाने करणे उचित ठरेल, असे सांगून प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवले.

दोन्ही बाजू

संघटनेच्या शिक्षण संहितेतील तरतुदीमुळे कोणत्याही धर्माच्या, तसेच धर्म न मानणाऱ्या विद्यार्थ्यालाही हात जोडून या प्रार्थनेत सहभागी व्हावे लागते, असा याचिकेचा आक्षेप आहे. अशा सक्तीमुळे वैज्ञानिक दृष्टिकोनाच्या जोपासनेला बाधा येते, असेही त्यात म्हटले आहे.

केंद्र सरकारची भूमिका वेगळी आहे. असत्याकडून सत्याकडे नेण्याची विनवणी करणारी ही प्रार्थना बृहदारण्यक उपनिषदातील असली, तरी तिचा आशय सर्व मानवांना लागू पडतो. सर्वोच्च न्यायालयाचे बोधवाक्यही महाभारतातून घेतलेले आहे. केवळ उगमामुळे एखादे वचन सांप्रदायिक ठरत नाही, असा युक्तिवाद महान्यायाभिकर्ता तुषार मेहता यांनी केला.

संविधान काय सांगते?

वादाचे मूळ संविधानाच्या अनुच्छेद २८ मध्ये आहे. त्याच्या पहिल्या खंडानुसार, पूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणतेही धार्मिक शिक्षण देता येत नाही. येथे संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. सर्व पालकांनी मान्यता दिली तरी ही मनाई कायम राहते. तिसरा खंड मान्यताप्राप्त व अनुदानित संस्थांविषयी आहे. तेथे धार्मिक शिक्षण किंवा उपासना होऊ शकते. मात्र व्यक्तीच्या, आणि ती अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीविना सहभागाची सक्ती करता येत नाही.

या दोन खंडांतील शब्दयोजना लक्षणीय आहे. तिसऱ्या खंडात ‘शिक्षण’ आणि ‘उपासना’ असे दोन्ही शब्द आहेत, तर पहिल्या खंडात केवळ ‘शिक्षण’. त्यामुळे रोजची सामूहिक प्रार्थना ‘धार्मिक शिक्षण’ या संज्ञेत बसते का, यावर बरेच काही अवलंबून आहे.

संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी धर्माचे शिक्षण आणि धर्माचा अभ्यास यांत स्पष्ट फरक केला होता. एखादा सिद्धांत श्रद्धेने स्वीकारावा म्हणून शिकवणे वेगळे आणि धर्मग्रंथांचे अध्ययन वेगळे, असे त्यांचे म्हणणे होते. करातून उभा राहिलेला पैसा एखाद्या विशिष्ट धर्मासाठी वापरला जाऊ नये, हे तत्त्वही त्यांनी या मनाईच्या समर्थनार्थ मांडले. पुढे २००२ मध्ये अरुणा रॉय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने धर्मांविषयीच्या अभ्यासाला शालेय अभ्यासक्रमात मुभा दिली. म्हणजेच उपनिषद वर्गात अभ्यासण्यास आडकाठी नाही. वाद आहे तो परिपाठातील सक्तीच्या सहभागाचा.

सक्तीविषयीचे निकाल

सक्तीचा मुद्दा न्यायालयांनी याआधीही हाताळला आहे. केरळमधील यहोवाचे साक्षीदार पंथाची तीन मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण ते गात नसत. त्यांना शाळेतून काढण्याची कारवाई सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये रद्द ठरवली. महाराष्ट्रात, नाशिकमधील एका शिक्षकाला प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला.

या निकालांनी सहभागी न होण्याचे स्वातंत्र्य मान्य केले. जबलपूरच्या याचिकेचा प्रश्न त्यापुढचा आहे. नको असलेल्या विद्यार्थ्याला सूट दिली म्हणजे पुरे, असे मानले तर रांगेत वेगळे दिसण्याचा भार त्या मुलावर पडतो. मात्र पहिल्या खंडातील मनाई लागू होते असे ठरले, तर ती जबाबदारी राज्याची ठरेल. मग सूट मागण्याची वेळ कोणत्याही मुलावर येणार नाही.