तुटलेला दात जोडतात कसा?

दरेकसा गावाजवळच्या कचारगडाची वाट खडकाळ आहे. माघ पौर्णिमेच्या यात्रेत तिथे पाय घसरून एखाद्या मुलाच्या पुढच्या दाताचा तुकडा उडाला, असे समजा. मुलगा घाबरतो, आता दात काढणार, असे त्याला वाटते. पण बहुधा तशी वेळ येत नाही. 'बाँडिंग' करून दात पूर्वीसारखा दिसेल असा करता येतो. तुकडा सापडल्यास तो दुधात किंवा पाण्यात ठेवून लवकर दंतवैद्याकडे न्यावा. पुष्कळदा तोच परत बसवता येतो. नाहीतर दाताच्या रंगाची राळ वापरतात.

पण गुळगुळीत दाताला राळ चिकटेल कशी? जुन्या भिंतीला गिलावा करण्यापूर्वी गवंडी छिन्नीने खाचा पाडतो, हे तुम्ही पाहिले असेल. १९५५ साली अमेरिकेतील मायकेल ब्युओनोकोर यांनी हेच काम फॉस्फरिक आम्लाकडून करवून घेतले. रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत धातूवर हे आम्ल लावीत, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली.

आता खुर्चीवर काय घडते ते पाहू. प्रथम दात ओला असतानाच रंग जुळवतात, कारण सुकलेला दात अधिक पांढरा दिसतो. मग कापूस ठेवून लाळ दूर ठेवतात. सुमारे ३७ टक्के आम्लाचा लेप १५ ते ३० सेकंद ठेवून धुतात. त्यामुळे दाताच्या कवचावर, म्हणजे एनॅमलवर, डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात. पातळ राळ त्यांत शिरून घट्ट होते व मुळांप्रमाणे पकड घेते. थुंकी लागली तर छिद्रे बुजतात. म्हणून तोंड मिटू नका.

नंतर घट्ट राळेचे सुमारे २ मिलिमीटर जाडीचे थर देऊन प्रत्येकावर निळा प्रकाश टाकतात. त्याने राळेतील लहान रेणूंच्या लांब साखळ्या बनतात. प्रकाश खोल पोचत नाही आणि राळ कठीण होताना आकसते, म्हणून थर पातळ हवेत. त्या प्रकाशाकडे टक लावून पाहू नये. शेवटी घासून चकाकी आणतात.

केवळ एनॅमल तुटले असेल तर सहसा इंजेक्शनही लागत नाही. मात्र आतला लाल गर उघडा पडला असेल तर आधी त्यावर उपचार करावे लागतात.

जोडलेला दात काही वर्षे चांगला टिकतो. त्याने सुपारी फोडू नये, ऊस सोलू नये. चहाने राळेवर डाग पडतात. आणि खर्रा तर डागांपेक्षा कितीतरी वाईट गोष्टी करतो.