शोधयंत्र अनुक्रमण नियंत्रण

संकेतस्थळावरील कोणती पाने गूगल, बिंग यांसारख्या शोधयंत्रांच्या निकालांत दिसावीत व कोणती दिसू नयेत, हे संकेतस्थळाच्या चालकाने ठरवण्याच्या पद्धतींना अनुक्रमण नियंत्रण म्हणतात. शोधयंत्राचा क्रॉलर प्रथम पाने वाचतो. वाचलेल्या पानांची नोंद नंतर अनुक्रमणिकेत होते. या दोन क्रिया वेगळ्या असून बहुतेक चुका त्या एकच मानल्याने होतात.

पद्धती

क्रॉलरला वाचन करू न देण्यासाठी संकेतस्थळाच्या मुळाशी रोबॉट्स.टीएक्सटी ही फाइल ठेवतात. मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवलेला हा संकेत सप्टेंबर २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ या दस्तऐवजाने प्रमाणित झाला. तो पाळणे क्रॉलरच्या इच्छेवर अवलंबून असते. शिवाय ही फाइल कोणालाही वाचता येते. त्यामुळे गुप्त पानांचे पत्ते तीत लिहिणे म्हणजे ते जाहीर करणेच होय.

निकालांतून पान वगळण्यासाठी पानातच ‘नोइंडेक्स’ ही सूचना द्यावी लागते. पीडीएफ फाइलींसाठी ती सर्व्हरच्या उत्तरासोबत पाठवतात. समजा, रत्नागिरीतील एका हापूस विक्रेत्याने ग्राहकांच्या मागणीची पाने रोबॉट्स.टीएक्सटीने बंद केली आणि त्यांत नोइंडेक्सही लिहिले. क्रॉलर ती पाने उघडतच नसल्याने सूचना त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. बाहेरून कोणी दुवा दिल्यास पानाचा पत्ता निकालांत येऊ शकतो आणि पत्त्यातच ग्राहकाचे नाव असेल, तर तेही उघड होते. अशा पानांना परवलीच्या शब्दाचे संरक्षणच हवे.

एकच मजकूर अनेक पत्त्यांवर असल्यास प्रमाण पत्ता सुचवता येतो. देवनागरी व रोमन असे दोन्ही पत्ते ठेवणाऱ्या मराठी संकेतस्थळांना याची विशेष गरज भासते. देवनागरी पत्ता संगणक सांकेतिक रूपात पाठवतो. ‘रत्नागिरी’ हा एक शब्द त्यात ८१ चिन्हांचा होतो.

विकिपीडियावर सदस्यपाने व धूळपाट्यांसाठी नोइंडेक्सचा जादुई शब्द उपलब्ध आहे. लेख नामविश्वात तो चालत नाही, त्यामुळे नावडता लेख शोधयंत्रापासून लपवण्याची सोय संपादकांना नाही.

कायदेशीर बाजू

एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अमली पदार्थांच्या खटल्यातून निर्दोष सुटलेल्या एका व्यक्तीच्या याचिकेवर अंतरिम आदेश दिला. जुना निकाल शोधात दिसत असल्याने नोकरी मिळत नाही, अशी तिची तक्रार होती. गूगलने तो निकाल शोधातून काढावा आणि इंडियन कानून या संकेतस्थळाने तो शोधयंत्रांतून उघडता येणार नाही अशी व्यवस्था करावी, असे न्यायालयाने सांगितले. मूळ निकालपत्र मात्र रद्द झाले नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात विदा पुसून घेण्याच्या हक्काची तरतूद आहे.