काच स्वस्त, लोखंड महाग

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घरी बांधायचं मनात आलं की पहिली चौकशी होते ती व्हॉल्व्हची. आता ते बनतात का, मिळतात कुठे आणि परवडतात का? डोळ्यांत भरते ती काच आणि आतली तांबूस धग, त्यामुळे सगळा पैसा तिथेच जाणार असं वाटणं साहजिक आहे. या छंदातले बरेचसे गैरसमज इथूनच फुटतात. व्हॉल्व्ह आजही स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात. एके काळी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. त्यातले काही अजून जुन्या दुरुस्तीवाल्यांच्या खोक्यांतून निघतात. खरा खर्च आणि आवाजाचा खरा दर्जा ठरतो तो मात्र ट्रान्सफॉर्मरवर, त्यातही आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर.

त्याचं कारण साध्या गणितात आहे. ईसीएल ८२ हा लहान अ‍ॅम्प्लिफायरसाठी सोयीचा व्हॉल्व्ह. एकाच काचेत ट्रायोड आणि पेन्टोड असल्यामुळे एका चॅनलला तो एकटा पुरतो. त्याच्या पेन्टोडला साधारण ५६०० ओमचा भार लागतो आणि आपला स्पीकर असतो ८ ओमचा. ५६०० भागिले ८ म्हणजे ७००, त्याचं वर्गमूळ २६ च्या थोडं वर. म्हणजे प्रायमरीला सेकंडरीच्या सुमारे २६ पट वेढे हवेत. शिवाय एकाच पेन्टोडच्या मांडणीत सुमारे ३५ मिलिअ‍ॅम्पिअर डीसी प्रवाह प्रायमरीतून सतत वाहतो. त्याने गाभा आधीच चुंबकित होऊन बसतो, म्हणून गाभ्याच्या ई आणि आय आकाराच्या पट्ट्यांमध्ये कागदाची फट ठेवावी लागते. फट ठेवली की इंडक्टन्स घटतो, आणि खर्जातले सूर टिकवायचे तर गाभा मोठा आणि वेढे जास्त घ्यावे लागतात. तांबं आणि लोखंड वजनावर विकलं जातं, तिथे हातचलाखी चालत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी केली तर ट्रान्सफॉर्मर वाइंड करून देणाऱ्याचा पत्ता मिळतो. त्याला फटीचं आणि डीसी प्रवाहाचं आधी सांगितलं नाही, तर तो नेहमीच्या सवयीने पट्ट्या आलटूनपालटून भरेल आणि आवाज खालच्या सुरांना चिरकेल. दुसरी वाट आहे ती सार्वजनिक ध्वनिक्षेपणाच्या १०० व्होल्ट लाइनच्या ट्रान्सफॉर्मरची. त्याच्या टॅपवर वॉट लिहिलेले असतात, त्यावरून ओम काढता येतात: १०० चा वर्ग भागिले वॉट. सव्वा वॉटचा टॅप म्हणजे ८ हजार ओम, ५ वॉटचा म्हणजे २ हजार. ओम चौपट म्हणजे वेढे दुप्पट, म्हणून ५ वॉटचा टॅप बरोबर मधोमध येतो आणि दोन व्हॉल्व्हच्या पुश-पुल मांडणीला हवा तो सेंटर टॅप फुकटात मिळतो. या गाभ्यात फट नसते, म्हणून तो एकट्या व्हॉल्व्हला चालत नाही. पुश-पुलमध्ये दोन्ही बाजूंचा डीसी एकमेकांचा परिणाम रद्द करतो. खर्ज मात्र महागड्या ट्रान्सफॉर्मरइतका भरीव येणार नाही, हे मान्य करून चालावं.

मग व्हॉल्व्हवर किती खर्च करायचा? नावाजलेल्या छापाचे जुने व्हॉल्व्ह चढ्या भावाने विकले जातात, आणि हा भाव आवाजाचाच आहे असा समज पक्का झाला आहे. तो किती पोकळ आहे हे पीसीएल ८२ दाखवतो. हा आतून ईसीएल ८२ च आहे, फरक फक्त हीटरचा: ईसीएलला ६.३ व्होल्ट लागतात, पीसीएलला १६ व्होल्ट आणि ०.३ अ‍ॅम्पिअर, कारण तो टीव्ही संचात सगळ्या व्हॉल्व्हचे हीटर एका माळेत जोडण्यासाठी केलेला. ६.३ व्होल्टची सवय असलेल्यांना तो गैरसोयीचा वाटतो, म्हणून भाव कमी. ध्वनीच्या वाटेत मात्र काडीचाही फरक नाही. विकत घेताना काचेच्या टोकाशी असलेला चंदेरी डाग बघावा. तो चकचकीत असेल तर निर्वात पोकळी शाबूत आहे. दुधासारखा पांढरा पडला असेल तर हवा आत शिरलेली आहे, व्हॉल्व्ह फुकट दिला तरी घेऊ नये. जुना माल चालतो हा न्याय कपॅसिटरला मात्र लावू नये. जुने कागदी कपॅसिटर गोड वाजतात म्हणून शोधत फिरणारे आहेत. पण गळका कपॅसिटर पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर डीसी चढवतो आणि व्हॉल्व्ह लालभडक होऊन संपतो.

पॉवर सप्लायच्या बाबतीतला गैरसमज जिवावर बेतणारा आहे. जुन्या एसी-डीसी रेडिओंना ट्रान्सफॉर्मर नव्हता, मग आपल्याला तरी कशाला, असा युक्तिवाद ऐकू येतो. त्या संचांची चेसिस थेट मेन्सला जोडलेली असे. लाकडी पेटी आणि बेकलाइटची बटणं माणसाला वाचवत. आपण त्याच चेसिसला मोबाइलची वायर जोडणार. काटकसर करायचीच तर बाजारात सहज मिळणारे १५ व्होल्टचे दोन ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ लावून जोडावेत. मधल्या १५ व्होल्टवर पीसीएल ८२ चा हीटर चालतो, आणि दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या २३० च्या बाजूने रेक्टिफाय केलेला, मेन्सपासून सुटा असा अडीचशेच्या घरातला डीसी मिळतो. तो डीसी स्विच बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये दबा धरून बसतो. १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर २२० किलोओमचा एक वॉटचा रेझिस्टर कायमचा टाकला, तर मिनिटभरात तो उतरतो. तरी हात घालण्यापूर्वी मीटर लावून बघायचंच.

एवढं करून ईसीएल ८२ चे जेमतेम साडेतीन वॉट, तेही १० टक्के विकृतीला. व्हॉल्व्हचा वॉट मोठा असतो, हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. तसं काही नसतं. सुमारे दुप्पट मोठं ऐकू यायला दसपट वॉट लागतात; म्हणून साडेतीन आणि पस्तीस वॉटमधलं अंतर आकड्यांत दिसतं तेवढं कानाला मोठं वाटत नाही, आणि ९० डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर खोलीत पुरतो. उबदारपणाचंही गूढ नाही. एकट्या व्हॉल्व्हच्या मांडणीत दुसरा हार्मोनिक जास्त असतो, तो कानाला रुचतो. पण व्हॉल्व्ह म्हणजे विकृती असंही नाही: अभियंते विल्यमसन यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर १५ वॉटला ०.१ टक्का विकृतीवर होता. त्यांच्या आराखड्याचा जीव कुठल्या दुर्मीळ काचेत नव्हता, तो काळजीपूर्वक गुंडाळलेल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये होता.

यावर आक्षेप येईल की एवढ्याच पैशांत चिपवाला अ‍ॅम्प्लिफायर जास्त वॉट आणि कमी विकृती देतो. देतो, यात वाद नाही. मोजमापाला पैसे द्यायचे असतील तर व्हॉल्व्हचा बांधूच नये. बांधायचाच असेल तर निदान खरोखर व्हॉल्व्हचा बांधावा. स्वस्त तयार किटमध्ये अनेकदा स्पीकरला ताकद देते ती चिप. छोटा व्हॉल्व्ह पुढे शोभेला असतो आणि त्याच्या बुडाशी रंगीत एलईडी लावून धग दाखवलेली असते. ओळखायला सोपं आहे: स्पीकरच्या टर्मिनलपासून वायर मागे मागे शोधत जावी. वाटेत आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागला नाही, तर स्पीकर व्हॉल्व्हवर चालत नाही. ओटीएल, म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मरशिवायची मांडणी, हा अपवाद, पण तो स्वस्ताईच्या हिशेबात बसत नाही.