पंखा बंद करून

मे महिन्यात दादरला खिडक्या लावून, पंखा बंद करून दोन तास राज्यशास्त्राचं पुस्तक मोठ्यानं वाचायचं, याला छंद म्हणायला कोणी धजणार नाही. पण पंखा लावला की त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये उतरते. शेजारच्या कुकरची शिट्टी उतरते, खालच्या भाजीवाल्याची आरोळी उतरते. गणपतीच्या आधी ढोलपथकांच्या तालमी सुरू झाल्या की संध्याकाळचं वाचन बंदच ठेवावं लागतं.

तीन वर्षांपूर्वी नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही बेळगावहून लालबागला आलो. त्याचं ऑफिस लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारात. आम्ही राहतो ती इमारतही गिरणीच्याच जागेवरची. त्याला पहिल्या आठवड्यात ऑफिसातली माणसं मिळाली, मला लिफ्ट मिळाली. सोसायटीतल्या एका हळदीकुंकवाहून निघताना मी सवयीनं “येतो हं” म्हणाले आणि मागे हशा पिकला. आमच्याकडे, बेळगाव-कोल्हापूर भागात, बायका सर्रास ‘येतो, जातो’ म्हणतात. त्यानंतर मी प्रत्येक क्रियापद तपासून बोलू लागले. म्हणजे खरं तर बोलायचंच कमी केलं.

अंध विद्यार्थ्यांना वाचून दाखवणारी माणसं हवीत, अशी चिठ्ठी एका वाचनालयाच्या फलकावर लावलेली दिसली. दादर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर दोन खोल्या, एक टेबल, पाच-सहा खुर्च्या. वाचणाऱ्यांत गिरगावातल्या एक निवृत्त शिक्षिका, परळचे एक बँकेतले काका आणि मी. ‘मोठ्यानं वाचायचं, त्यात काय शिकायचं?’ ही माझी समजूत पहिल्या अर्ध्या तासात गळून पडली.

आधी पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्ती आणि एकूण पानं सांगायची. पान उलटलं की पानाचा आकडा म्हणायचा, नाहीतर विद्यार्थ्याला संदर्भ देता येत नाही. अवतरण कुठं सुरू झालं, कुठं संपलं, हे सांगायचं. तळटीप वाक्याच्या मध्ये घुसवायची नाही. वाक्य पुरं करून मग ‘तळटीप’ म्हणायचं. सगळ्यात अवघड तक्ता. आधी रकाने किती आणि कशाचे ते सांगायचं, मग एकेक ओळ आडवी वाचायची, दर आकड्याआधी रकान्याचं नाव घेत. डोळ्यांना जे एका नजरेत दिसतं त्याला आवाजात चार मिनिटं लागतात. विशेषनाम आलं की पहिली वेलांटी की दुसरी, तेही सांगायचं, कारण मुलांना पेपरात ते बिनचूक लिहवून घ्यायचं असतं.

आता संगणक वाचून दाखवतो, मग माणूस कशाला, असं मला अनेकजण विचारतात. नव्या, स्वच्छ छापलेल्या पुस्तकांपुरतं ते खरं आहे. ही मुलं संगणकाचा आवाज इतक्या वेगानं ऐकतात की आपल्याला तो नुसता किरकिराट वाटावा. पण झेरॉक्सची झेरॉक्स काढलेल्या नोट्स, जुन्या छपाईतली पुसट जोडाक्षरं, वर्गातल्या कुणाची तरी हस्तलिखित वही, इथं संगणक अडतो. कॉपीराइटचा कायदा आपल्या बाजूनं आहे. 2012 च्या दुरुस्तीनंतर अंध वाचकांसाठी पुस्तक असं ध्वनिरूपात आणायला वेगळी परवानगी घ्यावी लागत नाही, आणि याच विषयावरच्या माराकेश कराराला 2014 मध्ये सगळ्यात आधी मान्यता देणारा देशही भारतच. अडचण असते ती वाचणाऱ्यांची.

माझं पहिलं रेकॉर्डिंग ऐकून एम.ए.च्या एका विद्यार्थ्यानं विचारलं, “ताई, तुम्ही बेळगावकडच्या का?” मी पुस्तकी भाषेतलं पुस्तक वाचलं होतं, त्यात एकही शब्द माझा नव्हता. तो म्हणाला, “हेल कळतो की. मी चंदगडचा.” चंदगड म्हणजे आमच्या बेळगावचं शेजारच. ज्या हेलावर लिफ्टमध्ये मी पांघरूण घालत होते, त्यावरून इथं कुणीतरी मला गाव विचारलं होतं.

त्याच्याच परीक्षेला मी पुढं लेखनिक म्हणून बसले. तेव्हाच्या नियमानुसार लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी हवं, मी बी.कॉम., त्यामुळे चाललं. तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास. प्रश्न दोनदा वाचायचा. तो सांगेल ते, सांगेल तसं लिहायचं. एक शब्द पदरचा घालायचा नाही.

तिसऱ्या तासाला प्रश्न आला गिरणी संपाचा. दत्ता सामंत, अडीच लाखांच्या आसपास कामगार, सगळं तो नीट सांगत गेला. आणि म्हणाला, “हा संप 18 जानेवारी 1981 रोजी सुरू झाला.” साल 1982. ज्या संपानंतर गिरण्या उठल्या आणि पुढं त्यांच्या जागेवर आमच्यासारख्यांचे मजले चढले, त्याचं साल लालबागमध्ये राहून मला माहीत झालं होतं. पेन क्षणभर अडलं. मग मी 1981 लिहिलं.

बाहेर पडल्यावर जिना उतरताना तो म्हणाला, “साल चुकलं ना माझं?”

“तुला कसं कळलं?”

“तुमचं पेन थांबलं. पण तेव्हा बदललं असतं तर ती कॉपी झाली असती.”

मी त्यानंतर पेन न अडवता लिहायची सवय केली. चूक ऐकली तरी हात चालूच ठेवायचा, हे वाचनापेक्षा अवघड आहे.

आज मला चांगला डॉक्टर बँकेतल्या काकांनी सांगितलेला आहे. सासूबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी गिरगावच्या बाईंनी चार दिवस डबा पाठवला. खोलीतून निघताना मी आता बिनधास्त “येतो” म्हणते. चंदगडचा तो पोरगा कधीकधी “या की” असं मुद्दाम हेल काढून उत्तर देतो.

परीक्षांच्या दिवसांत लेखनिक दरवर्षी कमी पडतात. तुमच्या जवळच्या कॉलेजात किंवा अंधांच्या संस्थेत एकदा चौकशी करा. गोड आवाजाची अट नाही.