बटणामागची ओळ

बिदरचा बिदरी कारागीर आणि कलबुर्गीचा डाळमिलवाला, दोघांनाही हल्ली एकच सल्ला मिळतो: मालाची यादी वेबसाइटवर टाका आणि प्रत्येक वस्तूखाली ‘खरेदी करा’चं बटण लावा. सल्ला देणाऱ्याच्या लेखी काम तेवढंच असतं. वेबसाइट बनवणाराही हा हा म्हणता बटणं लावून देतो, कारण त्याच्या दृष्टीने चांदीकाम केलेल्या सुरईखालचं बटण आणि तूरडाळीच्या पाकिटाखालचं बटण सारखंच. माझं म्हणणं असं, की त्या दोन बटणांत मोठा फरक आहे आणि तो न ओळखता उघडलेलं दुकान पहिल्या दहा-वीस ऑर्डरींतच अडखळतं. बटण लावणं हे या साऱ्या उद्योगातलं सर्वांत सोपं काम, आणि ते सर्वांत शेवटी करायचं. त्याआधी बटणामागची यादी खरी आहे ना, हे पाहावं लागतं. आणि काही वस्तूंना ते बटण लावूच नये, हेही ठरवावं लागतं.

वस्तू पाच-दहाच असतील तर प्रत्येकीचं पान हाताने लिहिता येतं. त्या दोनशे झाल्या की माहिती डेटाबेसमध्ये जाते: एक तक्ता, प्रत्येक वस्तूची एक ओळ, आणि नाव, किंमत, वजन, शिल्लक, फोटो असे रकाने. मग वेबसाइटचं पान हा फक्त एक साचा उरतो. ग्राहकाने पान उघडलं, की सर्व्हर तक्त्यातली एकेक ओळ उचलून त्या साच्यात भरतो. बटणही साच्यात एकदाच लिहायचं. दोनशे ओळींखाली ते आपोआप उमटतं. सोय इथेच आहे आणि गोमही इथेच आहे, कारण साच्याला ओळीओळींतला भेद कळत नाही. बटणात त्या-त्या ओळीचा क्रमांक गुंफलेला असतो, आणि तेवढाच असावा. सुरुवातीच्या काळातल्या बऱ्याच ऑनलाइन दुकानांनी बटणातच किंमतही लपवून ठेवली होती. थोडंफार जाणणारा ग्राहक ती आपल्या ब्राउझरमध्ये बदलून चार हजारांची वस्तू चाळीस रुपयांत मागवू शकत असे. म्हणून ग्राहकाकडून ‘क्रमांक ११७ हवा’ एवढाच निरोप यावा आणि त्याची किंमत सर्व्हरने पुन्हा आपल्याच तक्त्यात पाहावी. पैशांचंही तसंच. ग्राहकाच्या पडद्यावर ‘पैसे भरले’ असं दिसलं म्हणून ऑर्डर पक्की धरायची नाही. पेमेंट गेटवे दुकानाच्या सर्व्हरला स्वतंत्र निरोप पाठवतो, तो तपासून मगच पक्की धरायची. नेटवर्क मध्येच गेलं तर पैसे कापले गेलेले असतात आणि ग्राहकाचं पान मात्र कोरं राहतं. तेव्हा हा दुसरा निरोपच दोघांना वाचवतो. तोच निरोप कधी दोनदाही येतो, आणि एका पैशात दोन सुरया जाऊ नयेत याची काळजी तक्त्याला घ्यावी लागते. एका क्लिकच्या खरेदीचं अमेरिकन पेटंट अॅमेझॉनला १९९९ मध्ये मिळालं आणि ते २०१७ पर्यंत चाललं. त्या क्लिकची कीर्ती जगभर झाली. क्लिकमागे गोदामातल्या मालाचा हिशेब ठेवावा लागतो, ही गोष्ट मात्र कुणाला फारशी सांगावीशी वाटली नाही.

आता हा साचा बिदरीच्या कामाला लावून पाहू. जस्तात थोडं तांबं मिसळून ओतलेलं भांडं, त्यावर छिन्नीने कोरलेली नक्षी, नक्षीच्या चरांत ठोकून बसवलेली चांदीची तार किंवा पत्रा, आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या लेपाने काळं पडलेलं जस्ताचं अंग, असं हे काम. चांदी काळी पडत नाही आणि नक्षी उठून दिसते. बहमनींच्या काळापासून ही कला बिदरमध्ये आहे, तिला भौगोलिक मानांकन आहे, आणि २०२३ मध्ये शाह रशीद अहमद कादरी या बिदरच्या कारागिराला पद्मश्री मिळाली. पण डेटाबेसच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. दोन नग एकसारखे नसतात. तारेचं काम एका हाताचं बारीक, दुसऱ्याचं जरा भरीव. काळेपणाही प्रत्येक वेळी थोडा वेगळा उतरतो. म्हणजे ‘बिदरी फुलदाणी, आठ इंची, शिल्लक १२’ ही ओळ दिसायला बरोबर असली तरी खोटी आहे. ग्राहकाने फोटोतली फुलदाणी मागितलेली असते आणि त्याच्या हाती तिची बहीण पडते. खरी यादी करायची तर प्रत्येक नगाला स्वतःची ओळ, स्वतःचा फोटो आणि शिल्लक १.

शिल्लक १ म्हटलं की नवा प्रश्न उभा राहतो. पुण्यातल्या आणि हैदराबादेतल्या दोन ग्राहकांनी तीच अत्तरदाणी एकाच मिनिटात दाबली तर? तक्ता आधी ‘शिल्लक आहे का’ ते पाहत असेल आणि मग वेगळ्या पायरीने ती कमी करत असेल, तर दोघांनाही ‘आहे’ असंच उत्तर मिळतं आणि दोघांचेही पैसे घेतले जातात. रेल्वेच्या ऑनलाइन आरक्षणात शेवटच्या बर्थचा पेच हाच असतो. उपाय असा, की ‘शिल्लक १ असेल तरच ० कर’ हे एकाच, न तुटणाऱ्या हुकमात सांगायचं. ज्याचा हुकूम आधी पोचला त्याच्यासाठी वस्तू दहा-पंधरा मिनिटं राखून ठेवायची, आणि पैसे आले नाहीत तर पुन्हा मोकळी करायची. डेटाबेसला हे सहज जमतं. पण ते कुणीतरी मागायला हवं, आणि बटण लावून घेणारा कारागीर ते मागत नाही, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. गंमत अशी, की ‘फक्त एकच शिल्लक’ ही पाटी इतरत्र ग्राहकाला घाई करायला लावण्याची क्लृप्ती ठरली आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या मांडणीच्या १३ प्रकारांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत खोटी घाई निर्माण करणं हा एक प्रकार आहे. बिदरीच्या दुकानात मात्र ही पाटी प्रत्येक ओळीवर अगदी खरी असते.

किमतीचा रकानाही इथे स्वस्थ बसत नाही. बिदरी वस्तूच्या किमतीत मजुरीचा वाटा असतो तसा चांदीचाही, आणि चांदीचा भाव कारागिराच्या हातात नाही. २०२५ मध्ये तो किलोला लाखाच्या पार जाऊन चढतच राहिला. तक्त्यात एक ठोक आकडा लिहून ठेवला तर सहा महिन्यांत एकतर कारागीर बुडतो किंवा ‘भाव वाढला, वरचे पैसे पाठवा’ असा फोन ग्राहकाला करावा लागतो. पैसे घेऊन झाल्यावर असा फोन करणं म्हणजे बटणाने दिलेला शब्द फिरवणं. त्यापेक्षा चांदीचं वजन एका रकान्यात, मजुरी दुसऱ्यात आणि चांदीचा चालू भाव एकाच जागी ठेवावा. किंमत सर्व्हरने काढावी. एकदा ऑर्डर नोंदली गेली की मात्र त्या क्षणाची किंमत ऑर्डरीच्या तक्त्यात कायमची उतरवून ठेवायची. नाहीतर उद्या भाव बदलला की कालच्या पावतीवरचा आकडाही बदलेल, आणि हिशेब तपासणाऱ्याला कपाळाला हात लावावा लागेल.

कलबुर्गीच्या डाळीची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. गुलबर्गा तूरडाळ या नावाने तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जिल्ह्याचं नाव त्याआधीच, २०१४ मध्ये, कलबुर्गी झालं होतं, म्हणून शोधाच्या चौकटीत दोन्ही नावांनी ती सापडायला हवी. या मालात नग वेगळा करता येत नाही. एकाच प्रतीचा एक किलो दुसऱ्या किलोसारखाच, त्यामुळे ओळ नगाची नसून प्रतीची असते, आणि इथे साध्या बटणाला काही हरकत नाही. अडचण मापाची आहे. शेतकरी क्विंटलमध्ये बोलतो, व्यापारी कट्ट्यात आणि घरची बाई किलोत. अर्धा, एक आणि पाच किलोच्या पाकिटांची शिल्लक तीन वेगळ्या आकड्यांत ठेवली, पण तिन्ही पाकिटं एकाच राशीतून भरली जात असली, तर तिन्ही आकडे थोड्याच दिवसांत खोटे पडतात; शिल्लक राशीची, किलोत, एकाच ठिकाणी मोजावी. शिवाय वेष्टनातला माल ऑनलाइन विकायचा तर निव्वळ वजन, कमाल किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता हे सारं पानावर दिसायला हवं, अन्नपदार्थ म्हणून परवान्याचा १४ अंकी क्रमांक वेगळाच. हे सगळे रकाने आहेत. ते भरलेले नसतील तर साच्याने त्या ओळीखाली बटण दाखवूच नये, एवढी अट घालणं अगदी सोपं असतं.

याच तुरीच्या बाजारात तिसऱ्या प्रकारचं बटणही आहे, आणि मला ते सर्वांत बोलकं वाटतं. कर्नाटकाने २०१४ मध्ये राष्ट्रीय ई-मार्केट सर्व्हिसेस ही भागीदारीतली कंपनी काढून बाजार समित्यांतले लिलाव संगणकावर आणले. केंद्राची ई-नाम योजना त्यानंतर, १४ एप्रिल २०१६ रोजी आली. शेतकऱ्याचा माल बाजारात आला की त्याच्या ढिगाला क्रमांक मिळतो, म्हणजेच तक्त्यात एक ओळ. व्यापारी पडद्यावर त्या क्रमांकापुढे आपला भाव टाकतात. हत्ता पद्धतीत रुमालाखाली बोटं दाबून जो सौदा होई, तो इथे नोंदीत येतो. पण सर्वांत मोठी बोली लागली म्हणजे माल विकला गेला असं नाही. भाव पटला नाही तर शेतकरी तो नाकारू शकतो. कारण इथे किंमत आधी ठरलेलीच नाही. म्हणजे ‘खरेदी करा’ हे बटण फक्त तिथेच शोभतं, जिथे वस्तू, किंमत आणि शिल्लक तिन्ही आधीच ठरलेल्या आहेत. ढिगाला बोलीचं बटण, पाकिटाला खरेदीचं. आणि ऑर्डर देऊन घडवायच्या बिदरी वस्तूला तिसरंच, ‘कारागिराला विचारा’ असं.

बिदर-कलबुर्गी हा सीमाभाग म्हटल्यावर पत्त्याचा रकानाही बोलू लागतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेआधी उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते; पुढे ते महाराष्ट्राकडे आले आणि भालकी, औराद, बसवकल्याण कर्नाटकात राहिले. सोयरिकी आणि बाजारहाट काही त्या रेषेवर थांबले नाहीत. पिनकोड मात्र थांबतो. बिदर ५८५४०१, उदगीर ४१३५१७. शेजारची गावं, पण पहिल्याच आकड्यापासून वेगळी. पाठवणीचा खर्च जर राज्याच्या नावावरून काढला, तर बिदरहून उदगीरला जाणाऱ्या खोक्याला बंगळूरला जाणाऱ्यापेक्षा जास्त दर लागण्याचा विनोद घडू शकतो. कराचा प्रश्न विनोदाचा नाही. दुसऱ्याच्या ऑनलाइन बाजारातून आपल्याच राज्यात माल विकणाऱ्या लहान विक्रेत्याला १ ऑक्टोबर २०२३ पासून काही अटींवर जीएसटी नोंदणीतून मोकळीक आहे. राज्याबाहेर विक्री केली की ती सवलत उरत नाही. हस्तकलेच्या वस्तूंचे नियम आणखी वेगळे. तेव्हा ज्याचा निम्मा ग्राहक लातूर-नांदेडकडचा आहे, अशा दुकानदाराने बटण लावण्याआधी कर सल्लागाराकडे जाऊन यावं.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की एवढा खटाटोप कशाला, व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला, यूपीआयने पैसे आले, काम झालं. ओळखीच्या ग्राहकांपुरतं हे अगदी खरं आहे, आणि घडवून घ्यायच्या वस्तूला तर असा संवादच हवा. पण अनोळखी ग्राहकाला आधी दिसते ती तुमची यादी. त्याने रात्री अकराला विचारलेल्या ‘आहे का, केवढ्याला, कधी मिळेल’ या प्रश्नांना उत्तर यादीनेच द्यायचं असतं, आणि वाद झालाच तर दोघांच्याही हाती काही नोंद असायला हवी. २०२० चे ई-व्यापाराचे नियम तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात मागतात. चॅटच्या ढिगाऱ्यात ती तक्रार सापडायची तरी कशी? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मोठे ऑनलाइन बाजार हे सारं आयतं देतात, मग स्वतःची यादी कशाला? ग्राहक तिथे आहे, हे मान्यच करायला हवं. मात्र त्यांचे साचे कारखान्याच्या मालासाठी घडलेले असतात. एका ओळीत शेकडो सारखे नग ही त्यांची सवय. हाताच्या कामाला तिथे सारखेपणाचं सोंग घ्यावं लागतं, आणि मग शेजारीच ठेवलेल्या छापील नकलेशी किमतीवर झुंजावं लागतं. स्वतःची नीट ठेवलेली यादी असेल तर तिच्यातल्या हव्या तेवढ्या ओळी तिकडेही पाठवता येतात. उलट दिशेचा प्रवास फार अवघड असतो.

राहता राहिली विकल्या गेलेल्या नगाची ओळ. बहुतेक दुकानं ती पुसून टाकतात. बिदरीच्या बाबतीत तसं करू नये. शिल्लक ० झाली की साच्याने खरेदीचं बटण काढून घ्यावं, ओळ मात्र फोटो, वजन, नक्षीचा प्रकार आणि कारागिराच्या नावासह तशीच ठेवावी, आणि तिच्याखाली ‘असं दुसरं घडवून हवं असल्यास विचारा’ हे बटण आणावं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जुन्या बिदरी वस्तूंची प्रत्येकी वेगळी नोंद आहे. बिदरच्या कारखान्यांतून आज बाहेर पडणाऱ्या वस्तूंची तशी नोंद ठेवायला दुकानाचा तोच तक्ता पुरतो, आणि वर्षभर जुनी ओळ उघडी ठेवायला खर्च जवळजवळ शून्य येतो.