होडीला आधी पाणी पिऊ द्या

खाडीकाठच्या घरामागे झापांच्या खोपीत एखादी जुनी लाकडी होडी वर्षानुवर्षे पडून असते. मुलं सुट्टीत आली की तिच्यात चढून खेळतात, आणि एखाद्या वर्षी घरातल्या पुरुषमंडळींना हुक्की येते, "यंदा ही पाण्यात घालायचीच!" तुमच्या घरी अशी होडी असेल, तर आमची फजिती आधी वाचा.

माझं सासर जयगडच्या खाडीकाठी. मामंजींची सागवानी होडी, वीसेक फुटांची, मधोमध डिझेलचं लहानसं इंजिन. ते गेल्यावर नऊ वर्षं ती खोपीतच होती. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत ह्यांनी आणि भाऊजींनी ती बाहेर काढली. फळ्यांमधून चक्क पलीकडचा उजेड दिसत होता! दोघांनी त्या फटींत कडक होणारी लांबी गच्च भरली, वर झकास निळा रंग दिला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "हे असं करत नसत." पण ऐकतो कोण? मीही त्यांतलीच, रंगाचा डबा धरून उभी होते.

पहिल्या दिवशी थेंबभर पाणी आत आलं नाही. आम्ही पेढे वाटले. दुसऱ्या संध्याकाळी घरातली चारही मुलं तिच्यात बसून पलीकडच्या काठाला जाऊन आली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो होडी बाकांपर्यंत पाण्याने भरलेली! आदल्या संध्याकाळची आठवण झाली की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

असं का झालं, ते गावातल्या म्हाताऱ्या सुतारकाकांनी नंतर समजावलं. वाळलेली फळी पाण्यात गेली की फुगते. लांबीत जवळजवळ मुळीच नाही, पण रुंदीत फुगते. फटी ही तिने फुगण्यासाठी राखलेली जागा. ती आम्ही दगडासारख्या लांबीने बुजवून टाकली. फुगायला जागा न मिळाल्याने एका फळीने आतल्या फासळीतले खिळेच उपटले.

माझं माहेर देशावरचं. तिथे उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकाचे आरे खुळखुळायला लागले, की वडील चाक पाण्यात भिजत टाकत. लाकूड फुगून धावेत घट्ट बसे. कुणी आऱ्यांत चुना-सिमेंट भरत नसे! हे मला माहीत असूनही होडीच्या वेळी सुचलं नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नव्याने सुरुवात केली, आणि ह्या खेपेस सासूबाईंच्या सल्ल्याने. मे महिन्यात लाकूड वाळलेलं असतं. पावसाळ्यानंतर हवेच्या ओलाव्याने ते आधीच थोडं फुगलेलं असतं आणि खाडीही शांत झालेली असते.

आधी तपासणी. लाकडी हातोडीने प्रत्येक फळी वाजवून पाहावी. चांगलं लाकूड खणखणतं, कुजलेलं बद्द बोलतं. शंका आली तिथे दाभण टोचावा. तो लोण्यात शिरावा तसा शिरला, तर फळी बदलावी, वर रंग देऊन झाकू नये. लाकूड कुजतं ते बहुधा साचलेल्या पावसाच्या गोड्या पाण्याने, म्हणून नाळेजवळचे कोपरे नीट पाहावेत. खिळ्याभोवती तांबडे ओघळ दिसले की आत लोखंड खाल्लं गेलं आहे असं समजावं. आमची एक फळी आणि बरेच खिळे बदलावे लागले.

मग होडीला पाणी पाजायचं. आत नुसतं पाणी ओतून ती भरू नका. लिटरमागे किलो, म्हणजे शंभर बादल्यांत टनाहून जास्त वजन झालं, आणि जमिनीवर टेकलेल्या जुन्या होडीचे सांधे तेवढ्यानेच फाकतील. त्याऐवजी गोणपाटं भिजवून आत अंथरावीत, बाहेरूनही फळ्यांवर टाकावीत आणि सकाळ-संध्याकाळ ओली करावीत. हे काम मी आणि जाऊबाईंनी आठवडाभर केलं. ज्या फटींत पैसा उभा राहत होता, त्यांत शेवटी नखही जाईना.

ज्या फटी तरीही उरल्या, त्यांत सुतारकाकांनी कापसाचा पीळ हलक्या हाताने ठोकला आणि वर राळ-तेलाचा लेप दिला. हा लेप थोडा मऊ राहतो, फळी फुगली की दबतो. पीळसुद्धा फार ठासायचा नाही. सासूबाई शेजारी बसून "पुरे, पुरे" म्हणत होत्या. मामंजींच्या वेळी दर वर्षी होडीला तेल लावायचं काम त्यांचंच होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

इंजिनाचंही तसंच. बटण दाबायची घाई नको. टाकीतलं जुनं डिझेल काढून टाकावं. तळाला पाणी आणि काळा चिकट गाळ असतो. तो खाडीत ओतू नये, डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावा. इंजिनाचं तेल बदलावं आणि आधी हाताने फिरवून पाहावं. थंड पाणी खेचणाऱ्या पंपातला रबरी पंखा नवा घालावा. पडून पडून तो कडक होतो आणि पहिल्याच फेरीत तुकडे होतात. पाणी न जोडता जमिनीवर इंजिन चालवून बघू नये.

आणि एक गोष्ट मात्र कधीही विसरू नका. होडीचं इंजिन पेट्रोलचं असेल, तर पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. आपल्या स्वयंपाकाच्या गॅससारखीच ती खाली, होडीच्या तळाशी साचून राहते. गॅस गळल्याचा वास आला तर आपण दिव्याचं बटणही दाबत नाही, दारं-खिडक्या उघडतो. होडीतही आधी झाकण उघडावं, वारा खेळू द्यावा, वास घ्यावा, मगच इंजिन सुरू करावं. आणि जवळपास विडी-काडी नको.

पाडव्याच्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास, भरतीच्या पाण्यावर होडी तरंगली. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती आपल्या किनाऱ्यावर साधारण दुपारी बाराच्या आणि पुन्हा मध्यरात्रीच्या सुमारास असते, तेव्हा दिवाळीचा मुहूर्त सोयीचा. नारळ वाढवला, पण ह्या वेळी कुणी आत बसलं नाही. होडी काठाला उथळ पाण्यात बांधून ठेवली आणि पहारा सुरू केला.

पाणी येतंच. ते आलं म्हणून घाबरायचं नाही आणि होडी एकटी सोडायची नाही. उपसलेल्या बादल्या मी वहीत मांडत होते. पहिल्या रात्री चाळीस, दुसऱ्या रात्री अकरा, चौथ्या दिवशी दोन. आकडा रोज उतरला तर लाकूड आपलं काम करतं आहे. तो उतरेना, किंवा वाढला, तर होडी पुन्हा काठावर घ्यावी. पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो, तिथे मात्र इंजिन चालू असताना अधूनमधून थेंब पडायलाच हवा, नाहीतर दांडा तापतो. चार दिवसांनी होडीने आपला आकार धरला, तेव्हा दांडा सरळ रेषेत आहे ना, तेही तपासून घेतलं.

सहाव्या दिवशी आम्ही पलीकडे जायला निघालो. मुलांना लाइफ जॅकेट चढवली. सासूबाई काठावर उभ्या होत्या. मामंजी गेल्यापासून त्या होडीत बसल्या नव्हत्या. हे म्हणाले, "आई, येतेस?" त्यांनी आधी वही मागितली, शेवटचा आकडा वाचला, नऊवारीवरून जॅकेट घातलं आणि भाऊजींचा हात धरून नाळेशी जाऊन बसल्या.

म्हणून सांगते, तुमच्याकडची मंडळी रंगाचे डबे घेऊन निघाली, तर त्यांच्या हाती आधी ओली गोणपाटं द्या. रंग नंतरही देता येतो.