टाळ कुटायचं वय

वृद्धाश्रमात दिवाळीला गाण्यांचा कार्यक्रम होतो. एका बाजूला हार्मोनियम, तबला, माईक आणि निवेदक. दुसऱ्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आजी-आजोबा. दोन तास गाणी, मग फराळाची पाकिटं आणि फोटो. हेतू कुणाचाच वाईट नसतो. पण म्हाताऱ्यांच्या वाट्याला या सगळ्यात एकच काम येतं, टाळ्या वाजवण्याचं.

लिंडा रोझ यांनी १९९३ मध्ये ब्रिटनमध्ये 'म्युझिक फॉर लाइफ' सुरू केलं, ते दुसऱ्या टोकाकडून. डिमेन्शिया झालेल्या माणसांनी ऐकत बसायचं नाही, वाजवायचं. लंडनचा विख्यात विगमोर हॉल २००९ पासून हा उपक्रम चालवतो. आठ आठवडे, आठवड्याला एक बैठक. शुश्रूषागृहात खुर्च्या गोलाकार मांडतात, हाताला पेलतील अशी वाद्यं ठेवतात. व्यावसायिक वादक, रहिवासी आणि त्यांची रोजची देखभाल करणारे कर्मचारी, सगळे त्याच वर्तुळात. सुरुवातीची आणि शेवटची धून ठरलेली असते. काय चाललंय याचा धागा ज्यांच्या हातून सुटतो, त्यांना तेवढा आधार पुरतो. मधलं सगळं मात्र तिथल्या तिथे सुचणारं. कुणी खुर्चीच्या हातावर बोटं आपटली, तर वादक तीच लय उचलतात. कधी कंडक्टरची छडी एखाद्या आजोबांच्या हाती देतात, आणि ती हलेल तसं वादक वाजवतात. दिवसभर 'उठा, बसा, गोळी घ्या' ऐकणाऱ्या माणसाच्या इशाऱ्यावर कसलेले कलाकार थांबतात! मला या उपक्रमातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते.

बैठक संपली की वादक आणि कर्मचारी एकत्र बसून बोलतात. आज कोण हसलं, कोणी मान फिरवली, कोणी पहिल्यांदा डोळे उघडले. रोज आंघोळ घालणाऱ्याला आपल्या हाताखालच्या माणसाची नवी बाजू कळते ती इथे.

बोलणं आटलेली माणसं गाऊ कशी शकतात? लाइपझिगच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं, की ओळखीची गाणी साठवणाऱ्या मेंदूच्या भागांना अल्झायमरची झळ तुलनेने कमी बसते. म्हणून नातवाचं नाव आठवत नाही, पण चाल आठवते. गाण्याने आजार मात्र हटत नाही. कॉक्रेन संस्थेने २०१८ मध्ये डिमेन्शियातल्या संगीतोपचारावरचे २२ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नैराश्य बहुधा कमी होतं असं दिसलं. प्रक्षोभ, आक्रमकपणा यांत फारसा फरक आढळला नाही, आणि उपक्रम थांबल्यावर परिणाम टिकतो की नाही हेही स्पष्ट झालं नाही. वर्षातून एकदा गाणी ऐकवून काय साधणार, हे यावरून ताडता येतं. फेलिसिटी बेकर आणि सहकाऱ्यांचा ऑस्ट्रेलियातला प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. शुश्रूषागृहांतल्या ३१८ रहिवाशांपैकी, मिळून गाणं म्हणणाऱ्या गटात नैराश्य उतरलं. संगीतोपचाराच्या गटात तसा परिणाम दिसला नाही.

आपल्याकडे याचा साचा तयारच आहे. भजनात एकाने चरण म्हणायचा आणि बाकीच्यांनी धृपद उचलायचं. ज्याला शब्द येत नाहीत त्याने टाळ धरायचा, आणि तेही न जमलं तर गजरात नुसता सूर मिसळायचा. गावातल्या भजनी मंडळाने आठवड्याचा एक वार वृद्धाश्रमाला दिला तर बरंच जमेल. काही गोष्टी सांभाळाव्या लागतील. वयाबरोबर वरचे सूर गाठणं अवघड होतं, म्हणून पेटीवाल्याने सूर उतरवून घ्यावा. लाउडस्पीकर नकोच, श्रवणयंत्र लावणाऱ्यांना त्याचा त्रास होतो. सांधे धरलेल्या हातांना पितळी टाळ जड; चिपळ्या किंवा मनगटाला बांधायचे घुंगरू बरे. (खुळखुळा देऊ नये, म्हातारी माणसं बाळं नाहीत.) शिवाय वृद्ध म्हणजे भक्तिगीत, हा आपला हट्ट सोडायला हवा. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं, तेव्हा आजच्या पंचाऐंशीच्या आजी शाळकरी होत्या. त्याच वयात त्यांनी सिनेमाची गाणीही पाठ केली असतील, लावण्याही. काय म्हणायचं ते त्यांना विचारावं. नको म्हणणाऱ्याला तिथून उठून जाता यावं.

आणि तेवढा तासभर आश्रमातल्या मावशींना बाकीच्या कामातून मोकळं करून वर्तुळात बसवावं. पेटी-तबला मिळेल, भजनी मंडळही मिळेल. संस्थाचालकांना जड जाईल ते हेच.